पक्षी वाचले नाहीत

‘डायनासोर संपले, पक्षी वाचले.’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. त्याच्या मागोमाग दुसरे येते: ताटातली कोंबडी म्हणजे टी-रेक्सची नात. दोन्ही वाक्ये मुलांना आवडतात, मोठ्यांनाही. त्यांतून एक तात्पर्यही फुकट मिळते. अवजड, मठ्ठ आणि जुनाट ते गेले; हलके, चपळ आणि आधुनिक ते टिकले.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तेव्हा पक्षीही बुडाले, घाऊक बुडाले. त्यातून जी मोजकी कुळे पार झाली ती पक्षी होती म्हणून पार झाली नाहीत, आणि ती इतर पक्ष्यांपेक्षा सरस होती म्हणूनही नाहीत. त्या कुळांतला एक पक्षी आज दगडात का होईना, आपल्यासमोर आहे. त्याच्याकडे नीट पाहिले की टिकलेल्यांच्या कर्तबगारीची ही कहाणी उभी राहत नाही.

आधी नाते नीट लावू

आर्किऑप्टेरिक्स हा पिसांचा, पंखांचा, तोंडात दात असलेला प्राणी जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत मिळाला. त्याला नाव मिळाले १८६१ मध्ये आणि त्याचे वय आहे सुमारे १५ कोटी वर्षे. टी-रेक्स उत्तर अमेरिकेत वावरला तो ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे टी-रेक्स जन्माला आला तेव्हा पक्ष्यांची शाखा निघून आठ कोटी वर्षे उलटली होती. टी-रेक्स आणि आपण यांच्यातले अंतर त्याहून कमी आहे. आजीच्या आधी आठ कोटी वर्षे नातीची शाखा अवतरली, असे कोणत्या वंशावळीत बसते?

दोघांत नाते आहेच, पण ते भाऊबंदकीचे. कोंबडी साफ करताना गळ्याच्या बुडाशी चिमट्यासारखे दोन पायांचे नाजूक हाड लागते. तसले हाड टी-रेक्सलाही होते. दोघांच्या खूप आधीच्या, दोन पायांवर धावणाऱ्या एका सामाईक पूर्वजाकडून ते आलेले आहे. २००७ मध्ये टी-रेक्सच्या हाडातल्या प्रथिनांचे तुकडे कोंबडीच्या प्रथिनांशी जुळतात असा दावा झाला, तेव्हापासून चुलत नात्याची सख्खी नात झाली. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, बाकी काही बदलले नाही.

हे आधी स्पष्ट करण्याचे कारण असे. पक्षी हे डायनासोरांचे वारस धरले की ते आपोआप पुढची आवृत्ती ठरतात, आणि पुढची आवृत्ती टिकणारच असे मन गृहीत धरते. ते समकालीन होते हे एकदा पक्के झाले, की महाविनाशाने कोणाला नेले आणि कोणाला ठेवले हा प्रश्न खरोखर विचारता येतो.

पत्त्यांच्या कॅटएवढा दगड

बेल्जियमच्या लिएज प्रांतात एबेन-एमाएल नावाचे गाव आहे. जवळच नेदरलँड्सची हद्द आणि मास्ट्रिख्ट शहर. डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडाला ‘मास्ट्रिख्टियन’ म्हणतात ते याच शहरावरून, कारण तिथल्या चुनखडीच्या खाणींत त्या काळातल्या उथळ, उबदार समुद्राचा गाळ थरांनी साठलेला आहे. २००० साली तिथल्या एका खाणीत एका हौशी संग्राहकाला पत्त्यांच्या कॅटएवढा दगड मिळाला. बाहेरून दिसत होते ते पायाच्या हाडांचे मोडके तुकडे. दगड मास्ट्रिख्टच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला. मोडक्या पायांकडे कोण बघतो?

२०१८ मध्ये केंब्रिजच्या डॅनियल फील्ड आणि हुआन बेनितो यांनी तो सीटी स्कॅनखाली घातला. पृष्ठभागाच्या जेमतेम एक मिलिमीटर खाली जवळजवळ अख्खी कवटी होती, न चेपलेली. पक्ष्यांच्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे हे सांगायला हवे. पक्ष्याची हाडे पोकळ, भिंती कागदासारख्या. गाळाखाली ती चेपली जातात किंवा त्यांचा चुरा होतो. मार्च २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये वर्णन आले, नाव ठेवले आस्टेरिऑर्निस मास्ट्रिख्टेन्सिस. आस्टेरिया ही ग्रीक पुराणातली पडत्या ताऱ्यांची देवता, जी पुढे लावा पक्षी झाली. आकाशातून पडणारा दगड आणि कोंबडीच्या जातकुळीचा पक्षी, दोन्ही एका नावात. (लावा पक्ष्याशी लाव्हाचा काही संबंध नाही, पण दख्खनच्या वाचकाला तो आठवल्यावाचून राहत नाही. त्या लाव्हाकडे पुढे यायचेच आहे.) पत्रकारांनी मात्र नाव दिले ‘वंडरचिकन’, आणि तेच चालले.

कवटी जवळून पाहू. समोरची बाजू कोंबडीची: चोचीचे टोक किंचित खाली झुकलेले, नाकाजवळची हाडे एकमेकांना न जुळलेली. मागची बाजू बदकाची: डोळ्यामागचा आकड्यासारखा उंचवटा आणि खालच्या जबड्याच्या मागे निघालेला वाकडा दांडा. आज कोंबडी एका फांदीवर आणि बदक दुसरीवर बसलेले आहे. इथे दोघांच्या खुणा एकाच डोक्यात आहेत. वजनाचा अंदाज चारशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे गावठी कोंबडीच्या निम्म्यानेही नाही. पाय लांब आणि सडपातळ. दगड समुद्राच्या गाळातला असल्यामुळे तो टिटवीसारखा किनाऱ्यावर वावरत असावा असा तर्क आहे. वय ६ कोटी ६७ ते ६८ लाख वर्षे. महाविनाश अजून दहा लाख वर्षांच्या आत यायचा होता.

एवढेच. ना झगमगीत शेपूट, ना पंखांवर नखे. कुठल्याही खाडीच्या कडेला दुसऱ्यांदा वळून पाहिले जाणार नाही असा पक्षी. माझ्या मते त्याचे सगळे महत्त्व या साधेपणात आहे.

बुडालेल्यांची यादी

हा पक्षी जगत होता तेव्हा पृथ्वीवरच्या पक्ष्यांत तो आणि त्याचे आप्त अल्पसंख्य होते. बहुमत होते ‘उलट्या पक्ष्यां’चे. १९८१ मध्ये सिरिल वॉकर यांनी अर्जेंटिनातल्या हाडांवरून त्यांना एनॅन्टिऑर्निथीस हे नाव दिले. आजच्या पक्ष्यांच्या खांद्यात ज्या हाडाला खोबण असते त्या हाडाला यांच्यात गोळा, आणि जिथे गोळा तिथे खोबण, म्हणून उलटे. चीन, स्पेन, मंगोलिया, अर्जेंटिना, अमेरिका, जवळजवळ जगभर ते होते. बहुतेकांच्या तोंडात दात, पंखांवर नखे, आणि फांदीवर पकड घेणारे पाय. जमिनीवरच्या पक्षीजगाचे खरे मालक तेच. त्यांतले एकही कुळ उरले नाही.

पाण्यात हेस्परॉर्निस आणि त्याचे गोतावळे: उडणे सोडलेले, पायांनी पाणी मारत मासे पकडणारे, मोठे ते पुरुषभर लांबीचे. आकाशात इक्थिऑर्निस, समुद्रपक्ष्यासारखा, पण दातांचा. हे दोन्ही कॅन्ससच्या खडूच्या थरांतून ऑथनिएल मार्श यांनी १८७० च्या दशकात उजेडात आणले. इक्थिऑर्निसचा जबडा त्यांना आधी एखाद्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा वाटला होता, कारण दात असलेला पक्षी ही कल्पनाच बसत नव्हती. १८८० मध्ये मार्श यांचा ग्रंथ आला तेव्हा डार्विनने त्यांना पत्र लिहून आपल्या सिद्धांताला मिळालेला हा उत्तम आधार असल्याचे कळवले.

ही मंडळी आधीच क्षीण झाली होती का? २०११ मध्ये निकोलस लाँगरिच आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली, विनाशापूर्वीच्या अगदी शेवटच्या तीन लाख वर्षांतली पक्ष्यांची हाडे एकत्र तपासली. किमान १७ जाती निघाल्या, त्यांतल्या ७ जुन्या वळणाच्या: उलटे पक्षी, दातवाले समुद्रपक्षी, पाणबुडे. म्हणजे शेवटपर्यंत दुकान चालू होते. खडकांतल्या विनाशाच्या रेषेपलीकडे यांतल्या एकाही गटाचा खात्रीचा मागमूस नाही. ज्या गटातल्या बहुसंख्य शाखा एका भूशास्त्रीय क्षणात नाहीशा झाल्या, त्याच्याबद्दल ‘वाचला’ हे क्रियापद वापरायचे तर गिरणी जळाल्यावर उरलेल्या दोन मागांकडे बोट दाखवून गिरणी वाचली म्हणावे लागेल.

एकाच समुद्रातले दोन शेजारी

यावर सरळ उत्तर येईल: बुडाले ते जुने, वाचले ते सुधारलेले, यात नवल काय? हा युक्तिवाद तगडा आहे, आणि वरच्या यादीने तो मोडत नाही. तो मोडतो एका हाडाने.

वंडरचिकन ज्या थरांत मिळाला त्याच मास्ट्रिख्ट परिसराच्या थरांत आणखी एक पक्षी मिळाला होता. इक्थिऑर्निसचा भाऊबंद, दातवाला, पण अंगाने मोठा; वजन अंदाजे दीड किलो. त्याचे पहिले वर्णन २००२ मध्ये झाले. त्यात एक हाड खांद्याचे म्हणून नोंदले गेले. वीस वर्षांनी बेनितो, फील्ड आणि सहकाऱ्यांना ते पुन्हा पाहताना लक्षात आले की हे खांद्याचे नाही, टाळूचे आहे. २०२२ मध्ये त्यांनी पक्ष्याला नाव दिले जानाविस फिनालिडेन्स. त्यातल्या दुसऱ्या शब्दात ‘शेवटचे दात’ आहेत.

टाळूच्या हाडाला एवढे महत्त्व का? १८६७ मध्ये टी. एच. हक्सले यांनी टाळूवरून पक्ष्यांचे वर्गीकरण केले आणि ते आजवर चालत आले. शहामृग, एमू, तिनामू यांच्या टाळूची हाडे एकत्र सांधलेली, ताठ. म्हणून ते ‘जुन्या जबड्याचे’. बाकी सगळ्यांची टाळू सुटी, सांध्यावर हलणारी, त्यामुळे वरची चोच स्वतंत्रपणे उचलता येते. म्हणून ते ‘नव्या जबड्याचे’. पोपट बदाम फोडताना वरची चोच कशी उचलतो ते पाहावे. दीडशे वर्षे समज असा होता की ताठ टाळू ही मूळ अवस्था आणि हलती टाळू ही नंतरची सुधारणा.

जानाविसच्या टाळूचे हाड निघाले ते कोंबड्या-बदकांसारखे, हलत्या जबड्याचे. म्हणजे ज्याला आपण सुधारणा म्हणत होतो ती दातवाल्या, ‘जुन्या’ पक्ष्याकडे आधीपासून होती. ताठ टाळूच खरे तर नंतरची. आता हिशेब मांडू. सुधारलेला जबडा असलेला जानाविस संपला. त्याच समुद्राच्या काठचे, तसाच जबडा असलेले वंडरचिकनचे गोत टिकले. आणि ताठ जबड्याचा शहामृग-तिनामूंचा वंशही टिकला. टाळूवरून कोण जगणार हे सांगता येत नाही. ज्या एका खुणेवर जुने आणि नवे अशी फाळणी केली होती, तीच विनाशाला दिसली नाही.

मग दात? दात नसणे हे तरी निर्णायक असेल? तेही एकट्याने नाही. चीनमधल्या कन्फ्यूशियसॉर्निसला साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच बिनदाती चोच होती. त्याचा वंश उरला नाही. मंगोलियाचा गोबिप्टेरिक्स उलट्या पक्ष्यांतला, तोही बिनदाती. त्याच्या कुळाचे काय झाले ते वर आलेच. चोच पक्ष्यांनी अनेकदा कमावली. विमा म्हणून ती एकदाच वटली, तीही दुसऱ्या काही गोष्टी बरोबर असल्यामुळे.

त्या गोष्टी कोणत्या

लघुग्रह मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर आदळला. काजळी, धूळ आणि गंधकाचे कण वातावरणात गेले, सूर्यप्रकाश अडला, वनस्पतींचे अन्न बनवणे थांबले. खडकांतल्या परागकणांच्या नोंदीत या रेषेच्या लगेच वर एक विचित्र थर येतो: झाडांचे पराग जवळजवळ गायब आणि नेच्यांचे बीजाणू भरमसाट. उजाड जमिनीवर नेचे आधी येतात हे पावसाळ्यात दरड कोसळलेल्या जागी कुणीही पाहिले असेल. अर्थ एवढाच की जंगले कोसळली होती. २०१८ मध्ये फील्ड आणि सहकाऱ्यांनी यावरून दाखवले की आजच्या पक्ष्यांचे त्या काळातले पूर्वज झाडांवर राहणारे नसावेत. झाडावरचा पक्षी झाडाबरोबर गेला. उलटे पक्षी बहुतेक झाडावरचे होते.

दुसरे, खाणे. हिरवे संपते, त्यावरचे किडे संपतात, मासेही कमी होतात. मातीतले बी मात्र वर्षानुवर्षे टिकते. चोचीने दाणा टिपणारा आणि पोटात तो दळणारा प्राणी अशा वेळी काही काळ काढू शकतो. दळणारे यंत्र म्हणजे खाटकाकडे कलेजीबरोबर मिळणारा पेटा. तो चिरला की आतली पिवळी, चामड्यासारखी खरबरीत पिशवी दिसते, कधी त्यात खडेही सापडतात. दाण्याची ही कल्पना २०१६ मध्ये डेरेक लार्सन आणि सहकाऱ्यांनी मांडली. मला ती पटते, पण अर्धीच. वंडरचिकन दाणे खात होता याचा पुरावा नाही. किनाऱ्यावरचा पक्षी काहीही खातो. तिसरे, आकार. चारशे ग्रॅमच्या पोटाला कमी लागते आणि अशी जनावरे संख्येने जास्त असतात.

यातली एकही गोष्ट संकटासाठी तयार झालेली नव्हती. जमिनीवर राहणे, लहान असणे, मिळेल ते खाणे हे सगळे लाखो वर्षे आधीपासून दुसऱ्याच कारणांनी चालू होते, बहुधा झाडांवरची चांगली जागा दुसऱ्यांनी अडवल्यामुळेही. पुराजीवशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी १९९१ च्या पुस्तकात नामशेष होण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, अंधाधुंद गोळीबार, ज्यात कोण पडेल ते निव्वळ नशीब. दोन, सरळ सामना, ज्यात नेहमीच्या अर्थाने लायक तो टिकतो. तीन, निवड तर होते, पण ज्या गुणांवर होते त्यांचा नेहमीच्या जगातल्या लायकीशी संबंध नसतो. पक्ष्यांचे जे झाले ते या तिसऱ्या खात्यातले आहे. आपल्या बोलण्यात मात्र उत्क्रांती म्हटले की ‘बळी तो कान पिळी’ हेच येते, आणि कुणी जास्त वाचलेला असेल तर पुरातल्या लव्हाळ्याचा दाखला देतो. पण लव्हाळे निदान वाकते. वंडरचिकनचे गोत वाकलेही नाही. ते होते तिथे होते.

आक्षेप

‘पक्ष्यांचे जीवाश्म इतके तुटपुंजे, त्यावरून एवढा निष्कर्ष?’ आक्षेप रास्त आहे. पण तुटपुंजेपणा रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे. खालच्या बाजूला मोडक्या हाडांतूनही उलटे पक्षी भरभरून ओळखता येतात, वरच्या बाजूला येत नाहीत. नोंद अपुरी असण्याचा नियम फक्त एका बाजूला लावता येणार नाही.

‘जनुकांवरून तर आजची कुळे विनाशाच्या आधीची निघतात.’ काही निघतातच, त्यात वाद नाही. वंडरचिकन स्वतः त्याचा पुरावा आहे. अंटार्क्टिकाजवळच्या वेगा बेटावरचा वेगाविसही त्याच काळातला; २०२५ मध्ये त्याची कवटी प्रसिद्ध झाली आणि तो पायांनी डुबी मारणारा पक्षी असल्याचे अधिक स्पष्ट झाले. पण २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना झाली, तिचा कौल असा की पक्ष्यांच्या बहुतेक मोठ्या शाखा विनाशाच्या आसपास आणि त्यानंतर झपाट्याने फुटल्या. आजच्या अकरा हजारांच्या आसपास जाती मूठभर पार झालेल्यांचा विस्तार आहेत. मोकळ्या जागेत पसरणे आणि विनाशात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी. आपण पहिलीचे श्रेय दुसरीला देतो.

‘वंडरचिकन कोंबडी-बदकांचा आप्त आहे हेच सर्वांना मान्य कुठे आहे?’ त्याची नेमकी जागा वादातीत नाही, खरे आहे. माझा मुद्दा मात्र तो कोणत्या फांदीवर आहे यावर उभा नाही. बिनदाती, लहान, जमिनीवरचा, आजच्या वळणाचा पक्षी विनाशापूर्वी होता आणि दातवाल्यांचा शेजारी होता, एवढे पुरे आहे.

चौथा आक्षेप आपल्या पायाखालचा आहे. लघुग्रह कशाला, दख्खनच्या ज्वालामुखींनीच जग आधी विषारी केले होते, असे म्हणणारे भूशास्त्रज्ञ आहेत. गेर्टा केलर यांनी ते सातत्याने मांडले आहे. सह्याद्रीचे काळे कातळ, ज्यात वेरूळ कोरले गेले, ते याच काळाच्या आगेमागे थरावर थर ओतले गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर त्यांच्याखाली आहे. वंडरचिकन खाडीकाठी चालत होता आणि इथे लाव्हाच्या लोटांची वेळ येऊन ठेपली होती. पण पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर मंद विषप्रयोगाची चिन्हे दिसत नाहीत. शेवटच्या तीन लाख वर्षांत १७ जाती जिवंत होत्या. आणि ज्वालामुखींनी भर घातली असे मानले तरी माझे म्हणणे बदलत नाही. अंधार कुठूनही आला तरी निवड झाली ती घर कुठे आणि पोट केवढे यावरच.

खुद्द आपल्या खडकांत याची बाजूची साक्ष आहे. मुंबईत वरळी-मलबार हिलच्या परिसरात लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. तो गाळ विनाशानंतरचा. बेडूक पार झाले होते, आणि बेडकाला कोणी सरस म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या लॅमेटा खडकांत डायनासोरांची हाडे निघाली आहेत. वंडरचिकनसारखी पक्ष्याची कवटी मात्र अजून नाही.

मी कधी चूक ठरेन

असे म्हणणे मांडताना ते कशाने खोटे ठरेल हेही सांगावे. रेषेच्या वरच्या थरात एक जरी उलटा पक्षी खात्रीने मिळाला, तर माझ्या यादीला भगदाड पडेल. तसा एक उमेदवार आहे. चीनच्या शान्शी प्रांतात विनाशानंतरच्या काळातली एका पायाची काही हाडे मिळाली, १९९५ मध्ये त्या पक्ष्याला किनॉर्निस नाव मिळाले. त्या पायाची हाडे आजच्या पक्ष्यांत सांधली जातात तशी पूर्ण सांधलेली नाहीत, जुन्या पक्ष्यांत असायची तशी सुटी आहेत. पण पिल्लातही ती सुटीच असतात. एका पायावरून पिल्लू की पुराणपुरुष हे ठरत नाही. मास्ट्रिख्टचा दगडही अठरा वर्षे नुसत्या पायांवरूनच ओळखला जात होता. किनॉर्निसची कवटी मिळाली, आणि तिच्यात दात निघाले, तर हा लेख मला पुन्हा लिहावा लागेल.